मागच्या दाराने येणारे मिस्त्री

त्यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या घरामागच्या बोळात. मे महिन्याची रणरणती दुपार होती. सावेडीच्या माळावर तेव्हा घरं तुरळक होती आणि झाडं त्याहून तुरळक. आणि हा गृहस्थ अंगात राखाडी लोकरी स्वेटर घालून, आमच्या भिंतीला तळहात लावून उभा होता. मला वाटलं, एक तर हा चोर आहे किंवा वेडा. दोन्हींपैकी काय ते ठरवून मी ओरडणार, तेवढ्यात त्यांनीच मला सांगितलं की भिंत इथे फोडावी लागेल, कारण बोळातलं वारं फक्त याच कोपऱ्यात फिरतं. मग ते मागच्याच दाराने घरात शिरले, आईला नमस्कार केला आणि चहा मागितला.

पुढे कळलं की ते सगळीकडे असेच जातात. नगरमध्ये त्या काळी घरात एअर कंडिशनर असलेली माणसं बोटांवर मोजण्याइतकी, आणि ते दुरुस्त करणारे हे एकटेच. माळीवाड्यात एस.टी. स्टँडजवळ त्यांचं दुकान होतं. दुकान कसलं, पत्र्याचं खोपटं. त्यात दोन-चार उघडे पडलेले फ्रिज, तांब्याच्या नळ्यांची वेटोळी आणि बसायला एक स्टूल. पण बोलावणं आलं की बंगला कितीही मोठा असो, स्वारी परसातून आत. दोनदा त्यांना कुत्री चावली. एकदा एका वकिलाच्या गड्याने चोर समजून त्यांना चांगलं बदडलं, आणि मग वकीलसाहेबांनीच स्वतःच्या हाताने हळद लावली. तरी सवय गेली नाही. त्यांचं म्हणणं असं, की पुढच्या दाराने गेलं की मालक भेटतो आणि मालक आपलंच घोडं दामटतो. मशीनला काय होतंय ते तिच्या पाठीमागे गेल्याशिवाय कळत नाही.

"थंडी कुनी बनवत न्हाई, मास्तर," ते मला म्हणायचे. "ही बया खोलीतली ऊब उचलती अन् मागनं भाईर टाकती. टाकायला जागाच न्हाई घावली तर ती तरी काय करनार?"

मी शाळेत आठवीला विज्ञान शिकवत होतो. उष्णतेचा धडा तर मला तोंडपाठ होता. मिस्त्रींचं हे बोलणं मी दहा वेळा ऐकलं असेल आणि दहाही वेळा शिक्षकाच्या तोऱ्यात मान डोलावली असेल. कळलं मात्र काहीच नव्हतं, हे आता कबूल करायला हरकत नाही.

आमच्यासारख्यांच्या घरात ती मशीन आली कशी, हे सांगायला हवं. माझे थोरले भाऊ, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, एका साखर कारखान्यात इलेक्ट्रिक फिटर होते. गळिताच्या ऐन हंगामात तार ओढताना ते शिडीवरून पडले आणि मान मोडली. जीव राहिला, पण मानेखालचं सगळं शरीर गेलं. पुण्याच्या डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन सांगितलं, की एक गोष्ट कायम ध्यानात ठेवा. यांच्या अंगाला आता घाम येणार नाही. आत साठलेली उष्णता बाहेर पडायला वाट नाही, तेव्हा उन्हाळ्यात यांची खोली थंड ठेवा. नगर जिल्ह्यात, उन्हाळ्यात, खोली थंड ठेवा. डॉक्टर भले होते, पण ते पुण्याचे होते.

पहिला उन्हाळा आम्ही ओल्या चादरी आणि वाळ्याचे पडदे यांच्यावर कसाबसा काढला. अण्णा दोनदा जाता जाता वाचले. दुसऱ्या वर्षी कारखान्याच्या गेस्ट हाऊसमध्ये नवीन एअर कंडिशनर आला आणि तिथला जुना आम्हाला मिळाला. नवऱ्या मुलीबरोबर पाठराखीण यावी तसे त्या मशीनच्या मागोमाग हे मिस्त्री आले. गेस्ट हाऊसमध्येही तेच तिची देखभाल करायचे, आणि ती दुसऱ्याच्या हाती द्यायला ते तयार नव्हते.

त्यांच्या वागण्यात इतक्या तऱ्हा होत्या की शेजारीपाजारी मुद्दाम बघायला यायचे. स्वेटर तर बारा महिने अंगात. उमेदीची वीस वर्षं त्यांनी बर्फाच्या कारखान्यात काढली होती, तिथला गारठा हाडांत बसलाय तो काही निघत नाही, असं ते म्हणत. गार पाण्याचा घोट कधी घेतला नाही. लोकांच्या खोल्या थंड करत जन्म गेला आणि स्वतः मात्र उन्हातच बसायचे. आमच्या अंगणात खुर्ची टाकली की सावली सोडून पलीकडे सरकवायचे.

आणि चहा. मशीन किती गार करते हे बघायला त्यांच्याकडे कसलं यंत्र नव्हतं. एक चहाचा कप. वाफाळता चहा मशीनच्या तोंडापुढे स्टुलावर ठेवायचा आणि त्यावर साय धरायला किती वेळ लागतो ते मोजायचं. लवकर धरली तर मशीन ठीक. उशीर लागला की मग तपासणी सुरू. तो गार झालेला चहा ते स्वतः कधी पीत नसत. आई तो पुन्हा उकळून द्यायची आणि गालातल्या गालात हसायची.

आमच्याकडे आल्यावर पहिल्याच दिवशी ते अण्णांच्या खाटेजवळ गेले आणि म्हणाले, "अण्णा, मला घड्याळ न्हाई. तुमी मोजा." अण्णांना हात हलवता येत नव्हता, पण मोजता येत होतं. ते छताकडे बघत एक, दोन, तीन असं मोजू लागले. तीनशे साताला साय धरली. दीड वर्षात त्यांना कोणी काही काम सांगितलं नव्हतं. मीही नाही. त्या माणसाच्या मनगटावर स्वेटरच्या बाहीखाली चांगलं चालतं घड्याळ होतं, हे मला नंतर दिसलं, आणि त्याच दिवशी मला ते आवडायला लागले.

नंतर ते दर पंधरा दिवसांनी येऊ लागले. मशीनच्या तोंडाशी धूळ अडवणारी जाळी असते, ती धुवायची, झटकायची, परत बसवायची, एवढंच काम. पाच मिनिटांचं. पण मुक्काम तीन-तीन तास. अण्णा आणि ते विजेवर वाद घालत. दोघंही वायरीत आयुष्य काढलेले, त्यामुळे वाद कधी संपायचा नाही. मी शेजारच्या खोलीत पेपर तपासत ऐकत बसायचो. अण्णांचा आवाज चढला की आई म्हणायची, बघ, आज कसा बोलतोय.

कापड बाजारातल्या एका शेटजींची हकिगत मी अशीच भिंतीपलीकडून ऐकली. शेटजींच्या आईच्या खोलीत एअर कंडिशनर होता आणि रोज दुपारी तो गार करेनासा व्हायचा. मिस्त्रींनी सगळं बघितलं, मशीन ठणठणीत. मग त्यांनी ताटकळत बसायचं ठरवलं. दुपारी त्यांना दिसलं, की म्हातारीचा डोळा लागला की शेटजींची विधवा बहीण पडद्याआडून खिडकी वीतभर उघडते आणि रस्त्यावरची ये-जा बघत उभी राहते. तिला त्या घरातून बाहेर पडायला मिळत नव्हतं. गरम हवा आत यायची ती तिथून. मिस्त्रींनी शेटजींना सांगितलं, की मशीनचा थर्मोस्टॅट अडकत होता, तो मी सोडवलाय, पण जुनी मशीन आहे, तिला रोज दुपारी चार ते पाच विश्रांती पाहिजे. बंद करून ठेवा आणि खिडकी उघडी टाका. शेटजी ते इमानाने पाळत राहिले.

अण्णा यावर खूप हसले. मग त्यांनी विचारलं, खोटं का बोललात? मिस्त्री म्हणाले, "मानसावर दोष टाकला तर तो घरात ऱ्हातो. मशीनवर टाकला तर मी पिशवीत घालून घिऊन जातो." मला ते तेव्हा गमतीचं वाटलं.

त्यांचा एक नियम मात्र गमतीचा नव्हता. या मशीनच्या आत नळ्यांतून गॅस फिरतो. त्या नळ्या तयार होतानाच कायमच्या बंद करून टाकलेल्या असतात. गॅस कमी झालाय का हे बघायचं तर नळी कापावी लागते, आणि कापली की आत असेल तेवढा गॅस उडून जातो. मग नवीन गॅस भरेपर्यंत मशीन म्हणजे नुसता लोखंडाचा खोका. म्हणून आधी मागची बाजू बघायची, मग जाळी, मग विजेचा दाब, मग बाकीचं सगळं, आणि नळी अगदी शेवटी. दुसरे लोक आल्या आल्या गॅस गेला म्हणून सांगतात, त्यांच्यावर मिस्त्रींचा भयंकर राग होता. गॅस कुठे जात नाही, अक्कल जाते, असं ते म्हणायचे.

तो दुष्काळाचा काळ होता. आमच्या भागात टँकर यायचा तोही आठवड्यातून दोनदा, आणि पाणी असं खारट की बादलीला पांढरा थर धरायचा. बर्फाचा कारखाना पाण्याअभावी बंद पडला होता. आई मूळची मिरजगावकडची, टंचाईत वाढलेली. ती स्वतः आंघोळीला एक तांब्या घ्यायची आणि उरलेलं पाणी कशासाठी तरी राखून ठेवायची. कशासाठी, हे मी कधी विचारलं नाही. बोळात पाण्याचं पिंप होतं, धुण्याचा दगड होता, तो तिचा प्रांत. मी तिकडे फिरकत नसे.

मशीन आल्याच्या पुढच्या वर्षी, मेच्या मध्यात ती गार करेनाशी झाली. आधी थोडी, मग रोज जास्त. दहा मिनिटं घरघरायची, खट्कन बंद पडायची, मग परत सुरू. तोंडातून येणारं वारं कोमट. मिस्त्री येऊन गेल्याला आठ दिवस झाले होते. मी दोन दिवस वाट बघितली, कारण मला वाटलं विजेचाच दाब कमी असेल. तिसऱ्या दिवशी सकाळी अण्णांचं अंग तापलं. दहा वाजता थर्मामीटर लावला तर पारा एकशे चारच्या वर. डॉक्टर येऊन गेले. ओल्या फडक्यांनी अंग पुसत राहा आणि काहीही करा पण खोली गार करा, असं सांगून गेले. मी सायकल काढली आणि माळीवाड्यात जाऊन मिस्त्रींना मागे बसवून आणलं.

आणि त्या दिवशी ते पहिल्यांदाच आमच्या पुढच्या दाराने आत आले. मीच त्यांना दंडाला धरून आत ओढलं.

त्यांनी अण्णांच्या कपाळावर हात ठेवला. अण्णांचं लक्ष नव्हतं. ते डोळे मिटून पुटपुटत होते, बेचाळीस, त्रेचाळीस, चव्वेचाळीस. तापाच्या भरात ते मोजत होते. मिस्त्रींनी हात काढून घेतला आणि मशीनपुढे धरला. मग मला म्हणाले, मी जरा मागं जाऊन येतो.

इथे मी काय केलं ते मला सांगायचंय. हे सगळं लिहायला बसलो ते त्याच्यासाठीच.

मला वाटलं, आता हा माणूस बोळात जाणार, भिंतीला हात लावून अर्धा तास वारं मोजत उभा राहणार. माझा भाऊ इथे भाजतोय आणि याच्या तऱ्हा सुरू होणार. मी म्हणालो, "मागं काही नाही. मी सकाळीच सगळं बघून आलोय."

मी बघितलं नव्हतं. सकाळी नाही, आदल्या दिवशी नाही, त्या उन्हाळ्यात एकदाही नाही.

ते थांबले. मी सुटलोच होतो. म्हणालो, हिचा गॅस गेलाय, हे शेंबडं पोरही सांगेल. आल्यापासून तुम्ही एकदाही गॅस भरला नाहीत. मी विज्ञानाचा शिक्षक आहे, मला शिकवू नका. त्यांनी सांगून बघितलं, की दुकानात निम्मीच टाकी शिल्लक आहे, नळी कापली आणि गॅस पुरला नाही तर पुण्याहून आणावा लागेल. मी म्हणालो, निम्मा तर निम्मा, पण कापा. त्यांनी एकदा मागच्या दाराकडे पाहिलं, एकदा अण्णांकडे. मग टाकी आणायला मला सायकलवर पिटाळलं, आणि मी परत येईपर्यंत जाळी काढून, दाब बघून, पिशवीतली हत्यारं मांडून ठेवली.

मशीन हातभर पुढे ओढून आम्ही टेबलावर टेकवली. मागचा भाग भिंतीतल्या खाचेतच होता. आई दारात उभी होती. मिस्त्रींनी नळी कापली.

गॅस फुसफुसत बाहेर आला. मला वाटलं होतं क्षणभर आवाज होईल आणि थांबेल. तो थांबेचना. मिस्त्रींच्या तोंडावरचा रंग उतरत गेला, तेव्हा मला कळलं की काहीतरी विपरीत झालंय. आवाज बारीक होत होत संपला. गॅस काठोकाठ भरलेला होता. एक थेंबही कमी झाला नव्हता.

मग त्यांनी मशीन पूर्ण बाहेर ओढली. तिच्या पाठीला पत्र्याच्या बारीक पातळ पट्ट्या असतात, त्या सगळ्या ओल्या होत्या आणि त्यांच्यावर पांढरा खारट थर चढला होता. मशीन निघाल्यावर भिंतीतल्या भोकातून बाहेरचं ऊन आत यायला हवं होतं. भोकात अंधार होता. मिस्त्रींनी त्यात हात घातला आणि पलीकडे काय आहे ते चाचपलं. मीही घातला. ओलं पोतं होतं.

"ते मी बांधलंय," आई दारातूनच म्हणाली. "बिचारीची पाठ उन्हात तापती. हात लावला तर चटका बसायचा. माठाला बांधतो तसं दुहेरी पोतं बांधलंय, रोज दुपारी भिजवती. माजं अंगोळीचं पानी वाचवून." आणि मग आमच्या चेहऱ्यांकडे बघत तिने विचारलं, "का, काय चुकलं का?"

आठ-दहा दिवस ती हे करत होती. मिस्त्री जाळी धुऊन गेले त्याच्या दुसऱ्या दिवसापासून. मशीनला आपली ऊब बाहेर टाकायला जागा नव्हती, ती आतल्या आत गुदमरत होती. पोतं सोडायचं होतं, पाठ स्वच्छ धुवायची होती आणि तासभर थांबायचं होतं. एवढंच होतं ते. बोळात दहा पावलं जायचं होतं.

मिस्त्री आईकडे वळले. "न्हाई आई. तुमी चांगलंच केलं. चूक माजी हाय. मी घाईनं नळी कापली."

माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण मला ते लांबववत नाही. त्यांनी नळी जोडली, मशीनची पाठ ब्रशने धुतली, पोतं सोडून घडी करून पिंपावर ठेवलं, टाकीत होता तेवढा गॅस भरला. निम्म्या गॅसवर मशीन नुसती घरघरली. गारवा काही आला नाही. दुपारच्या एस.टी.ने ते पुण्याला गेले. आम्ही अण्णांचं अंग पुसत राहिलो. पिंपातलं पाणीच कोमट होतं. शेजारच्या बायकांनी आपापल्या माठांतलं आणून दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमाराला अण्णा गेले. तोवर मोजणं थांबलेलं होतं.

मिस्त्री बाराला आले. खांद्यावर गॅसची जड टाकी, स्वेटर घामाने भिजलेला. दारात माणसं जमलेली बघून ते रस्त्यातच उभे राहिले. टाकी खाली ठेवायचं त्यांना सुचत नव्हतं. कोणीतरी पुढे होऊन ती उतरवून घेतली. मग ते आमच्या सगळ्यांच्या मागून स्मशानात चालत आले.

आईने जे पाहिलं तेच ती धरून बसली. चालती मशीन होती, थोडं का होईना वारं येत होतं. हा माणूस आला, याने नळी कापली, सगळ्यांच्या देखत तिचा जीव फुसफुसत निघून गेला आणि दुसऱ्या दिवशी पोरगा गेला. यात तिचं काय चुकलं? तिने पाहिलं ते खरंच होतं. आणि तो माणूस स्वतःच्या तोंडाने म्हणाला होता, चूक माझी.

तेराव्यानंतर ती दर मंगळवारी बाजाराच्या दिवशी सावेडीहून माळीवाड्यापर्यंत चालत जाऊ लागली. मिस्त्रींच्या दुकानापुढे उभी राहायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, की ह्यानं माझं लेकरू मारलं, ह्याला घरात घेऊ नका. तिला परत आणायला मी मागोमाग जायचो. ती दिसली की मिस्त्री हातातलं काम टाकून उभे राहायचे. ती बोलत असेतो खाली मान घालून ऐकायचे. एकदा मी पोचलो तेव्हा ती त्यांना विचारत होती, "माज्या लेकरानं तुजं काय वाईट केलतं रं?" आणि ते म्हणाले, "कायबी न्हाई, आई." मी तिचा हात धरला आणि घरी घेऊन आलो. रस्त्याने ती रडत होती आणि मी तिला काहीही सांगितलं नाही.

मी स्वतःला बजावत होतो, की पोत्याचं कळलं तर आई जगणार नाही. ते खरंही असेल. पण पोत्याचं सांगितलं असतं तर मग बोळाचंही सांगावं लागलं असतं. सकाळीच सगळं बघून आलोय, असं कोण म्हणालं हेही निघालं असतं. आईला जपतो म्हणत मी स्वतःलाच जपत होतो, आणि हे मला तेव्हाही कळत होतं.

गाव केवढंसं. एअर कंडिशनरवाली घरं किती. एकेक करून त्यांनी पुण्याचा माणूस बोलवायला सुरुवात केली. कापड बाजारातल्या शेटजींनीही. वर्ष-दीड वर्षाने खोपट्याला कुलूप लागलं. मिस्त्री नागापूरला एका वर्कशॉपमध्ये रखवालदार म्हणून लागल्याचं कानावर आलं.

एकदा मी गेलो. बरेच दिवस जाऊ जाऊ म्हणत होतो. ते वर्कशॉपच्या फाटकाशी खुर्ची टाकून उन्हात बसले होते. मला बघून उठले, आई कशी आहे विचारलं. मी म्हणालो, मिस्त्री, मी आज आईला सगळं सांगून टाकतो. तुमचं आयुष्य माझ्यामुळे नासलं. मी हे खरंच म्हणालो, आणि म्हणत असतानाही ते 'नको' म्हणतील याची मला खात्री होती.

"नगा सांगू," ते म्हणाले. "पोटच्या पोराला गार वाटावं म्हून तिनं बांधलं ते. तिला हे कशाला कळाया पायजे?" मग त्यांनी विचारलं, "मास्तर, तुमी मागं बघितलं न्हवतं, व्हय ना?"

"नाही."

"मला तवाच कळलं हुतं."

मी विचारलं, मग कापलीत कशाला? मग मला ढकलून मागे का गेला नाहीत?

त्यांनी आपल्या हाताकडे पाहिलं. "अण्णांचं कपाळ हाताला भाजत हुतं," ते म्हणाले. "जल्माची सवय हुती, पन त्या दिवशी मलाबी वाटलं, चला, कुनीतरी बघितलं म्हंतंय तर खरंच बघितलं आसंल. मला तसं वाटून घ्यायचं हुतं. आता दोघांनी मिळून वागवायचं, दुसरं काय."

आम्ही दोघांनी मिळून वागवलं नाही. त्यांनी एकट्याने वागवलं. मी नंतर नागापूरला गेलो नाही. त्यांचा निरोप कधी आला नाही, माझाही गेला नाही. मला बढती मिळाली, लग्न झालं, मी आठवीला उष्णतेचा धडा आणखी कितीतरी वर्षं शिकवला.

ते गेल्याचं मला माळीवाड्यात, त्यांच्या दुकानाशेजारच्या सायकलवाल्याकडून कळलं. चार दिवस आधीच गेले होते. थंडीत छाती भरली आणि आटोपलं. घरी आलो तेव्हा आई ओट्यावर बसून ज्वारी निवडत होती. तिला सांगायला नको होतं, पण सांगितलं. काय अपेक्षा होती कोण जाणे.

तिचे हात थांबले. "माज्या पोराला घालवून एवढी वर्सं जगला," ती म्हणाली. मग सुपातून नजर वर करून तिने माझ्याकडे निरखून पाहिलं. म्हातारपणी तिला कमी दिसायचं, पण त्या दिवशी तिला काहीतरी दिसलं असावं. कारण तिने विचारलं, "तुला वाईट वाटलं का रं?"

"नाही," मी म्हणालो. "मला कशाला वाटेल?"